उन्हात काढलेली बाज

मावशीने बाज अंगणात आणली, आडवी करून भिंतीला टेकवली आणि आत जाऊन चुलीवरचा गंज फडक्यात धरून बाहेर आली. गंजात उकळतं पाणी होतं. मे महिन्यातली दुपार. गोंडपिपरीच्या रस्त्यावर त्या वेळी माणूस सोडा, कुत्रंही दिसत नाही. बाजेचा पाय आणि दांडा जिथे एकमेकांत बसतात त्या सांध्यावर ती पाण्याची धार धरणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"कायले काढली वो बाज, एवढ्या उनात?"

"नवार ढिली झाली. ताणून घ्या लागते," मावशी म्हणाली आणि गंज पायाशी ठेवून पदराआड केला.

शेजारीण गेली. मी काही विचारायच्या आत मावशीच बोलली, "ढेकणं झाले म्हणून का गावभर सांगू?"

त्या एका वाक्याने मला पुढचे कित्येक महिने सोडलं नाही. वाघाबद्दल आमच्याकडचे लोक भरभरून बोलतात. सापाबद्दल, हिवतापाबद्दल, नदीच्या पुराबद्दल बोलतात. ढेकणाचा विषय काढला की मात्र आवाज खाली येतो. "आमच्याकडे नाही जी, त्या तिकडच्या मोहल्ल्यात आहेत," असं उत्तर मी इतक्या घरांत ऐकलं की तो तिकडचा मोहल्ला कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. खूप वेळ बसल्यावर, चहा झाल्यावर, घरातली बाई मनगटावरची बांगडी वर सारून एका ओळीतले तीन लाल फोड दाखवायची आणि लगेच बांगडी खाली घ्यायची.

ढेकूण ही घराची बेअब्रू नाही, तो वाटसरू आहे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. आपण त्याला लपवतो, आणि लपवल्यामुळेच तो राहतो.

चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी मागे टाकत रस्ता गोंडपिपरीला येतो आणि पुढे आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरतो. तालुक्याच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला वर्धा. दोघी पुढे एक होऊन प्राणहिता होतात. पोडशाच्या पुलावरून वर्धा पार केली की तेलंगणा. इथल्या बोलीत मराठीच्या पोटात तेलुगू आहे, गोंडी आहे. ढेकणाला पलीकडच्या तीरावर 'नल्ली' म्हणतात आणि अलीकडच्या कित्येक घरांनाही तो शब्द कळतो, कारण या घरांचं निम्मं वर्ष त्या तीराशी बांधलेलं असतं.

धान कापून झालं, मळणी झाली की या भागात हाताला काम उरत नाही. मग चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम, वरंगलपर्यंत. संक्रांतीनंतर गावं रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको जातात, कधी पोरंही शाळा सोडून जातात. शेतातच मेणकापडाचा तंबू नाहीतर एखाद्या शेडचा आडोसा, तिथेच चूल, तिथेच अंथरूण. चार गावांतली, दोन राज्यांतली माणसं एका छपराखाली शेजारी शेजारी झोपतात. उन्हाळा चढला की टोळ्या परततात. सोबत पैसे असतात, मिरचीचं पोतं असतं आणि डोक्यावर अंथरुणाचं बोचकं असतं. त्या बोचक्याच्या शिवणीत कोण बसून आलंय हे कोणी पाहत नाही. चार महिने वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत ते बोचकं त्याच रात्री सोडलं जातं.

ढेकणाला पंख नाहीत. उवेसारखा तो अंगावर राहत नाही, पिसवेसारखी उडी मारत नाही. दूरचा प्रवास त्याला फक्त माणसाच्या सामानातून जमतो. म्हणून जिथे माणसं पोटासाठी हलतात, एकत्र झोपतात आणि पुन्हा घरी येतात, तिथे तो असतो. त्यात स्वच्छतेचा भाग फार थोडा. अडगळ असली तर त्याला लपायला जागा जास्त मिळते इतकंच. त्याला खरकटं नको असतं, उकिरडा नको असतो, फक्त रक्त लागतं, आणि ते धुतल्या चादरीवर झोपलेल्या माणसाचंही चालतं. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिस शहर ढेकणांच्या बातम्यांनी हादरलं होतं. सिनेमागृहं, रेल्वेगाड्या, चांगली हॉटेलं, सगळीकडे तेच. त्याच वर्षाअखेरीस दक्षिण कोरियात सरकारला मोहीम काढावी लागली. तिथे कोणी कोणाच्या घरच्या सुनेला बोल लावला नाही. आमच्याकडे मात्र ढेकूण निघाला की पहिली नजर घरच्या बाईकडे जाते.

त्यात आणखी एक अन्याय आहे. ढेकूण चावताना दुखत नाही. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. पाच-दहा मिनिटं तो शांतपणे पितो आणि निघून जातो. फोड येतो तो आपल्या शरीराला त्या लाळेचं वावडं असतं म्हणून, आणि हे वावडं प्रत्येकाला सारखं नसतं. एकाच बाजेवर झोपणाऱ्या दोघांतल्या एकाला रात्रभर खाज सुटते आणि दुसऱ्याच्या अंगावर टिपकाही उठत नाही. एक बाई मला म्हणाली, "मले खाज सुटे, अन् हे म्हणत का तुले भास होते. दीड महिना मी भासच समजत होतो जी." (आमच्याकडे बायकाही स्वतःला 'होतो', 'जातो' म्हणतात.) दीड महिन्यानंतर तिने मध्यरात्री उठून टॉर्च लावला तेव्हा नवऱ्याच्या उशीच्या खोळीवरून एक जण चालला होता, पोट टम्म भरलेलं.

तो दिसतो कसा, हे पुष्कळांना नीट माहीत नसतं. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायला की लांबट आणि गडद होतो. पिल्लं इतकी फिकट की पांढऱ्या गादीवर नजरेला येत नाहीत. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं, भेगेत चिकटवलेलं. अंड्यातून पिल्लू साधारण आठवड्या-दहा दिवसांत निघतं. पुढे पाच वेळा ते कात टाकतं आणि दर कातेआधी त्याला एकदा रक्त प्यावंच लागतं. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते आणि आयुष्यभरात शेकडो. खायला नाही मिळालं तरी मोठा ढेकूण महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून "चार महिने घर बंद होतं, मेले असतील" हा हिशेब चुकतो. त्याची खूण शोधायची तर शिवणींत आणि सांध्यांत शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग पाहायचे, टाकलेल्या काती पाहायच्या. खूप झाले असतील तर वासही येतो, कोथिंबीर चुरगाळल्यावर येणाऱ्या कच्च्या वासाच्या जवळचा, थोडा आंबूस. दोन्हींत एकाच कुळातली रसायनं असतात.

हे प्राणी माणसापेक्षा फार जुने आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने त्यांचा वंश साडेअकरा कोटी वर्षांमागे नेला, म्हणजे वटवाघळांच्याही आधी. पुढे गुहेत वटवाघळांच्या रक्तावर जगणाऱ्या जातींपैकी काही, त्याच गुहांत राहायला आलेल्या माणसाकडे वळल्या असं मानतात. आपल्या उष्ण प्रदेशात आढळते ती जात सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांतली तिची बहीण सायमेक्स लेक्चुलेरियस.

आणि आपल्या पूर्वजांनी त्याला नीट पाहिलं होतं. पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि अग्निमुख नावाचा ढेकूण यांची गोष्ट आहे. राजाच्या शय्येत मुरलेली ऊ पाहुण्या ढेकणाला सांगते की राजा गाढ झोपल्यावरच चाव. त्याला धीर निघत नाही, राजा जागा असतानाच तो चावतो आणि पलंगाच्या सांध्यात पसार होतो. सेवक दिवा घेऊन शोधतात, त्यांना कापडात बसलेली ऊ सापडते आणि ती मारली जाते. कथाकाराला सांगायचं होतं ते वेगळंच. पण मला त्यात एक पक्कं निरीक्षण दिसतं: चावणारा कापडात सापडत नाही, तो लाकडाच्या फटीत असतो. आजही लोक चादर धुतात, गादी बडवतात आणि बाजेचा सांधा तसाच सोडतात.

ढेकूण रोग पसरवतो का, हा प्रश्न प्रत्येक घरात मला विचारला गेला. १९०७ च्या सुमारास मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन या डॉक्टरने काळा आजार ढेकणामुळे पसरतो असं दाखवण्याची खूप खटपट केली होती. ढेकणाच्या पोटात ते जंतू वाढताना त्याला दिसलेही. पण खरा वाहक निघाली वाळूमाशी. त्यानंतर शंभर वर्षांत ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोजच्या जगण्यात एखादा साथीचा रोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणूनच तो कुठल्या सरकारी कार्यक्रमात नाही, आरोग्य उपकेंद्राच्या फलकावर नाही. पण खाजवून खाजवून चिघळलेली लहान पोरांची पोटरी मी पाहिली आहे. फार ढेकूण असलेल्या घरांत लोक रक्तक्षयाकडे ढकलले गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आणि झोप जाते, तिचं काय? चेन्नईतल्या कमी उत्पन्नाच्या कामकऱ्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ती माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असत आणि झोप मिळे जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट. आमच्याकडे त्यात ढेकूण मिळवा. दिवसभर वाकून मिरची तोडणाऱ्या बाईची झोप तोडणारा कीटक क्षुल्लक आहे असं मी म्हणू शकत नाही.

शिवाय इथे एक धोका आहे जो पॅरिसमध्ये नाही. ढेकणाला कंटाळलेला माणूस बाज उचलून अंगणात झोपायला जातो, मच्छरदाणी घरातच राहते. हा हिवतापाचा मुलूख आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षे शेजारच्या गडचिरोलीतून येतो.

हिवतापाचं नाव निघालं की डीडीटीची गोष्ट सांगावी लागते, कारण या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ढेकूण आणि डीडीटी वेगळे नाहीत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली तो निर्मूलन कार्यक्रम झाला. पाठीवर पंप घेतलेली माणसं गावोगाव फिरली. लोक त्यांना 'डीडीटीवाले' म्हणत. फवारणी झाली की भिंतीवर तारीख लिहून जात. डास मारायला आलेल्या त्या औषधाने पहिल्या वेळी ढेकूणही मेले, आणि गावकऱ्यांना दिसला तो ढेकणांचा खच. डास मेला की नाही हे कोण मोजतं? रात्री गाढ झोप लागली हे मात्र प्रत्येकाला कळलं. फवारणीला दारं उघडली गेली ती हिवतापाच्या भीतीपेक्षा या झोपेसाठी, असं अनेक देशांतल्या हिवताप मोहिमांचा अनुभव सांगतो.

मग ढेकूण मरेनासे झाले. हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरच्या लष्करी बराकींत हे १९४७ सालीच लक्षात आलं होतं, डीडीटी युद्धात वापरात येऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली असताना. पुढे जगभर, भारतातही, तेच घडलं. मरणारे मेले, ज्यांना ते विष पचलं तेच उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. त्यात डीडीटीचा एक गुण असा की ते कीटकाला चाळवतं. न मरणारे ढेकूण चाळवले जाऊन फटीतून बाहेर येत, दिवसाढवळ्या भिंतीवर फिरत. लोकांनी सरळ निष्कर्ष काढला: औषध मारलं की ढेकूण वाढतात. आणि त्यांनी फवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाच्या मध्यात देशात हिवतापाचे रुग्ण एका लाखापर्यंत खाली आले होते. १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. त्या उलट्या फेऱ्याची कारणं पुष्कळ होती. डास स्वतः डीडीटीला दाद देईनासे झाले होते, पैसा आणि पुरवठा आटला होता. पण बंद दारं हेही एक कारण होतं, आणि बंद दारांमागे ढेकूण होता.

मला या गोष्टीतलं लोकांचं वागणं अडाणीपणाचं वाटत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. त्यांचं ऐकून घेऊन, बाबांनो, डास आणि ढेकूण वेगळे, ढेकणासाठी आपण दुसरा उपाय करू, असं बसून सांगणारं कोणी त्या पंपासोबत आलं नाही.

हाच धडा पुन्हा एकदा टांझानियात मिळाला. तिथे औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्यावर आधी ढेकूण गेले, मग काही वर्षांत त्या औषधाला दाद न देणारे ढेकूण त्याच घरांत सापडले; २००२ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं, आणि तो ढेकूण आपल्याच जातीचा, हेमिप्टेरस. त्या मच्छरदाण्यांवरचं औषध पायरेथ्रॉइड गटातलं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या द्रव्याची ही कारखान्यात केलेली नक्कल. आज बाजारात मिळणारे बहुतेक फवारे याच गटातले. आपल्याही भागात मच्छरदाण्या वाटल्या जातात. ढेकूण गेले नाहीत म्हणून मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नका, ती डासांसाठी आहे, हे आशाताईंनी वाटतानाच सांगायला हवं.

आणि एक बारकी गोष्ट, जी आमच्या घरांना लागू पडते. कुडाची भिंत, म्हणजे बांबूच्या काड्या विणून वर मातीचा गिलावा. उन्हात माती फाटते, भेगा पडतात, आणि भेग म्हणजे ढेकणाचं घर. दिवाळीच्या आधी बायका त्या भेगा लिपतात, भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने सारवतात. ढेकणाविरुद्ध याहून चांगलं काम नाही. आतले आत कोंडले जातात, बाहेरच्यांची जागा जाते. पण हिवतापाच्या फवारणीनंतर हाच हात फिरवला तर भिंतीवरचं औषध लिंपणाखाली गाडलं जातं. म्हणून आधी लिपायचं आणि मग फवारायचं. या दोन कामांचा क्रम जुळवणं एवढंच, पण तो जुळवायचा तर ग्रामपंचायतीने फवारणीची तारीख चार आठवडे आधी गावाला सांगायला हवी.

आता ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते ते लिहिते.

लाजेमुळे माणूस कोणाला विचारत नाही. गुपचूप कृषी सेवा केंद्रात जातो किंवा कोपऱ्यात ठेवलेली कपाशीच्या फवाऱ्याची बाटली काढतो, आणि पोरं झोपतात त्या गादीवर शेतातलं औषध शिंपडतो. एका घरात मी ती बाटली मिठाच्या बरणीशेजारी पाहिली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. ते उघड्या रानात, वाऱ्यात होते. तेच औषध दारं-खिडक्या बंद करून खोलीत मारलं तर काय होईल याचा विचार करा. जुन्या पिढीत गॅमेक्सिनची भुकटी आणि टिक-ट्वेंटीची बाटली हे ढेकणाचे उपाय घराघरांत होते. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी. ते पुढे बंद झालं आणि ते बरंच झालं.

त्याहून घातक आहेत धान्यात ठेवायच्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. ती गोळी सर्वसामान्य माणसाला विकायला परवानगी नाही. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रकांनीच ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची असते. २०२१ च्या डिसेंबरात पूर्व लंडनमधल्या एका इमारतीत कोणीतरी ढेकणांसाठी आपल्या खोलीत ती पसरली आणि दुसऱ्या घरातली अकरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरच्यांनी काहीच केलं नव्हतं. धानाची कोठी जिथे झोपायच्या खोलीतच असते अशा आमच्या घरांत ही गोळी ढेकणासाठी कोणी हातात घेऊ नये, एवढं हात जोडून सांगते. रॉकेलही नको. सांध्यात घातलेलं रॉकेल आणि शेजारी चूल, यातून घर पेटायला वेळ लागत नाही.

मग करायचं काय? मावशी करत होती तेच, पण पूर्ण.

ढेकणाला उष्णता सोसत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात २०११ साली हे मोजलं गेलं: ४५ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण साधारण दीड तासात मरतो, पण त्याच उष्णतेत अंडी मरायला सात तास लागतात. ४८ अंशांना अंडीही सव्वा तासाच्या आत जातात. ५० अंशांच्या पुढे मोठा ढेकूण मिनिटभरही टिकत नाही. आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांना भिडणं ही आम्हाला बातमी वाटत नाही, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर, काळ्या प्लास्टिकच्या आत उष्णता त्याहून पुष्कळ वर जाते. जगभर लोक यासाठी वाफेची यंत्रं आणि खोली तापवणारे पंखे भाड्याने आणतात. आमच्या अंगणात ऊन फुकट पडलेलं असतं, आणि मिरचीवरून परतणारी माणसं नेमकी त्याच्या तोंडावर गावात येतात.

फक्त ऊन कसं वापरायचं ते कळायला हवं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या स्टीफन डॉगेट यांच्या गटाने एक जाड गादी काळ्या प्लास्टिकात गुंडाळून दिवसभर उन्हात ठेवून पाहिली. वरची बाजू ८० अंशांच्या पुढे तापली, खालची ४० पर्यंतही पोहोचली नाही. ढेकणाला चालता येतं, तो खालच्या बाजूला सरकतो आणि जगतो. म्हणून जाड कापसाची गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. आपली गोधडी, चादर, कपडे मात्र पातळ असतात. ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरायची, तोंड घट्ट बांधायचं, पत्र्यावर किंवा फरशीवर ठेवायची आणि दुपारी बारा ते चारमध्ये दोनदा उलटायची. सलग दोन-तीन दिवस. मिरचीवरून आलेलं बोचकं घरात न नेता थेट पिशवीत. गादीसाठी उकळत्या पाण्यात बुडवलेली जाड सुई किंवा जुना ब्रश घेऊन शिवणी एकेक करून साफ करायच्या. अंडी चिकटलेली असतात, घासल्याशिवाय निघत नाहीत.

बाजेला उकळतं पाणी. कोमट नव्हे, उकळतं, आणि प्रत्येक सांध्यात ओतायचं. नवार किंवा सुंभ जिथे दांड्याला वळसा घालतो तिथेही. मग दिवसभर ऊन. आणि हे एकदा करून सोडायचं नाही. पहिल्या वेळी वाचलेली अंडी आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरी फेरी, त्यानंतर आठवड्याने तिसरी. बहुतेक घरं इथेच हरतात. पहिल्या फेरीनंतर चार रात्री बरं वाटतं, बाज आत जाते, आणि महिन्याने "हे जात नाहीत जी" असं म्हणून लोक बाटलीकडे वळतात.

बाजेचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे आणि बाज भिंतीपासून वीतभर दूर, ही आजीच्या काळची रीत चांगली आहे, पण वाटीत साबणाचं पाणी हवं. आपला उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत भिंतीवरही चढतो, त्याच्या थंड प्रदेशातल्या बहिणीला ते नीट जमत नाही. निर्गुडीची पानं गादीखाली ठेवतात, वेखंड ठेवतात. त्यावर मी कोणाशी वाद घातला नाही. पानांच्या भरवशावर पाणी उकळायचं मात्र कोणी टाळू नये. बाल्कन देशांत बायका रात्री घेवड्याची पानं जमिनीवर पसरत, पानांवरच्या आकडेदार केसांत ढेकूण अडकत, सकाळी पानं जाळत. २०१३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शास्त्रज्ञांनी ते खरं असल्याचं सांगितलं. जुन्या बायकांचं पाहणं तपासून घेण्यासारखं असतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट वाईट वाटते. बाज उचलून उन्हात नेता येते, दोघींना सहज. घरकुलात राहायला गेलेल्या घरांनी बाज अडगळीत टाकली आणि हप्त्यावर दिवाण घेतला, खाली पेटी असलेला, प्लायवूडचा. भिंती विटा-सिमेंटच्या झाल्या, भेगा बुजल्या, पण दिवाणाच्या आत शंभर फटी. तो दारातून निघत नाही, उकळतं पाणी ओतलं तर फुगतो. दिवाण घेतलाच असेल तर त्यातली प्रत्येक फळी सुटी करून तपासावी लागते, आणि जुना घेत असाल तर अंगणातच. वसतिगृहांतल्या दोनमजली लोखंडी खाटांचंही तसंच. पोकळ पाइपांची उघडी तोंडं म्हणजे आयते बोगदे. ती तोंडं मेणाने किंवा लांबीने बुजवायला फार खर्च येत नाही. दिवाळीला आणि उन्हाळ्यात मुलं पेटी-कांबळं घेऊन गावी येतात, परत जातात. मला भेटलेली एक सातवीतली मुलगी सुट्टी संपताना रडत होती. आईला वाटलं घर आठवतं म्हणून. ती म्हणाली, तिथे रात्री चावतात, आणि मॅडमना सांगितलं तर सगळ्या मुली माझ्याच गादीकडे बघतात.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, गावोगाव नाटकं उभी राहतात. पाहुणे येतात, रात्रभर नाटक बघून उजाडता उजाडता ओसरीत आडवे होतात. शेजारून गाद्या मागवल्या जातात, जातात, येतात. या भागातली ही सगळ्यांत आनंदाची रात्र आहे आणि ती तशीच राहावी. गाद्या परत करताना एकदा उन्हात टाकून, शिवणी पाहून परत केल्या तर कोणाचा मान कमी होणार नाही. "माझ्याकडे निघाले होते, तुझ्याकडे बघ वो," हे वाक्य आपल्याला एकमेकींना म्हणता यायला हवं. एकटं घर कितीही उकळतं पाणी ओतो, भिंत लागून असलेलं पुढचं घर गप्प राहिलं तर सहा आठवड्यांत पाहुणे परत.

मावशीची दुसरी फेरी आठ दिवसांनी झाली. मी पिशव्या आणल्या होत्या, त्यांत गोधड्या भरल्या. तिसऱ्या फेरीला मृगाचे ढग दिसू लागले होते आणि ऊन धरून ठेवावं तसं आम्ही घाईने सगळं बाहेर काढलं. मावशी सांध्यावर पाणी ओतत होती. या वेळी तिने गंज पदराआड केला नाही, बहुतेक विसरली.

कुंपणापलीकडून शेजारीण आली. सोबत तिचा मुलगा, दोघांच्या हातांत बाज.

"तुया अंगणात ऊन जास्त येते वो," ती म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग बाजेकडे. पायाच्या सांध्यात काळे ठिपके होते.

"ठेव तिथं," मावशी म्हणाली, "पाणी उकळतंच आहे."